चौदा वेगवेगळे अर्ज

फेब्रुवारी १९४६ च्या दुसऱ्या आठवड्यात कुलाब्याच्या 'तलवार' या नौदल केंद्रातल्या चौदा खलाशांनी आपल्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध तक्रारअर्ज दिले. प्रसंग एकच होता. ८ फेब्रुवारीला कमांडर किंग बराकीत आला, उठून उभे राहायला उशीर केला म्हणून भडकला आणि त्याने खलाशांच्या आईबापांचा उद्धार केला. कुलींची, जंगल्यांची पोरं, अशा अर्थाचे त्याचे शब्द होते. ऐकणारे सगळे एकाच खोलीत होते आणि तक्रारही एकच होती. तरीही अर्ज चौदा निघाले.

शिस्तीचा नियमच तसा होता. एका खलाशाने स्वतःपुरती तक्रार केली तर तो अर्जदार. दोघांनी मिळून एका कागदावर सह्या केल्या तर तो कट, आणि कट म्हणजे बंडाची पहिली पायरी. मुलांना नियम ठाऊक होता, म्हणून त्यांनी एकच मजकूर चौदा वेळा लिहिला. अर्ज शेवटी गेले ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच किंगपुढे. आठवडाभराने त्याने अर्जदारांना बोलावले आणि खोटी तक्रार करणे हा गंभीर गुन्हा आहे, याची आठवण दिली. विचार करायला मुदत दिली चोवीस तासांची. त्यानंतर एक-दोन दिवसांतच, सोमवारी १८ फेब्रुवारीला सकाळी, 'तलवार'मधल्या खलाशांनी न्याहारीला हात लावला नाही आणि कामावर जायला नकार दिला.

मुंबईच्या नाविक उठावावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वातंत्र्यलढ्यातले एक पर्व म्हणून त्याचे स्थान आता पक्के आहे आणि ते त्याला मिळायलाच हवे होते. पण त्या पाच दिवसांचे कागद क्रमाने वाचत गेले की ठळकपणे पुढे येतो तो एक साधा, पगारी नोकरांचा प्रश्न. गणवेशातल्या माणसाने आपल्या पगाराबद्दल, जेवणाबद्दल, वागणुकीबद्दल बोलायचे ते कुणापाशी, आणि एकट्याने की मिळून? मला हे चौदा अर्ज उठावाइतकेच महत्त्वाचे वाटतात.

आधी कागदांबद्दल. मुख्य आधार आहे तो सरकारने मार्च १९४६ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाचा. त्याचे अध्यक्ष होते पाटणा उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर सय्यद फझल अली. सोबत न्या. कृष्णस्वामी अय्यंगार आणि न्या. मेहरचंद महाजन, शिवाय व्हाइस ॲडमिरल पॅटरसन आणि मेजर जनरल रीस हे दोन ब्रिटिश सेनाधिकारी. दुसरा आधार नाविकांनी स्वतः तयार केलेल्या मागणीपत्राचा. तिसरा, मध्यवर्ती कायदेमंडळात असफ अलींच्या तहकुबी ठरावावर झालेल्या चर्चेचा. चौथा, त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रांचा. आणि पाचवा, ज्या तारायंत्री खलाशाच्या अटकेने वातावरण तापले त्या बलाईचंद्र दत्त यांच्या आठवणींचा. त्यांचे 'म्युटिनी ऑफ द इनोसंट्स' हे पुस्तक १९७१ साली मुंबईतच प्रसिद्ध झाले.

यातला प्रत्येक कागद आपापल्या बाजूला कलतो. आयोगापुढे अधिकारी आपली अब्रू सांभाळत बोलत होते आणि खलाशी आपली कातडी. वर्तमानपत्रांना राजकारण दिसत होते. दत्त पंचवीस वर्षांनी लिहीत होते आणि मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता. म्हणून मी येथे तेवढेच धरले आहे, ज्यावर विरुद्ध बाजूंना कललेल्या किमान दोन कागदांचे एकमत आहे. जेवण, पगार आणि वागणूक या तीन गोष्टींवर त्या सगळ्यांचेच एकमत आहे.

युद्धाआधी रॉयल इंडियन नेव्ही हे छोटेसे दल होते. खलाशांची संख्या दोन हजारांच्याही आत. त्यातला मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या रत्नागिरी जिल्ह्यातून येणारा, कोकणी मुसलमान घरांमधला. स्वयंपाकी आणि कारभारी म्हणून गोव्याची माणसे. समुद्र त्यांच्या घरचा होता आणि नोकरीकडून त्यांच्या अपेक्षा बापजाद्यांनी सांगितल्या तेवढ्याच. युद्ध सुरू झाले आणि काही वर्षांत हे दल पंचवीस हजारांच्या पुढे गेले. पंजाब, बंगाल, मद्रास, संयुक्त प्रांत, सगळीकडून मुले आली. बिनतारी संदेश, रडार, संकेतलिपी ही नवी कामे शिकायला शिकलेलीच मुले लागत, म्हणून मॅट्रिकपर्यंत पोचलेल्यांना गोळा केले गेले. भरतीच्या जाहिरातींत आणि भरती अधिकाऱ्यांच्या तोंडी आश्वासने होती: चांगला पगार, बढती, युद्धानंतर नोकरी. आयोगाने पुढे स्पष्ट नोंदवले की यातली बरीच आश्वासने दिशाभूल करणारी होती. 'तलवार' हे याच संदेशवहन शाखेचे प्रशिक्षण केंद्र. इंग्रजी वाचणारी, बातम्या ऐकणारी, जगभरच्या तारा उतरवून घेणारी सुमारे अकराशे मुले तिथे होती, आणि त्यांना वागवले जात होते ते कोळसा भरणाऱ्या जुन्या खलाशाला वागवत तसेच.

युद्धकाळातही वेगवेगळ्या जहाजांवर आणि केंद्रांवर कामबंदीचे लहानमोठे प्रसंग घडले होते. प्रत्येक वेळी तो एक सुटा प्रसंग समजून मिटवला गेला. काहींना शिक्षा झाल्या आणि प्रकरण बंद झाले. चौदा सुटे अर्ज आणि हे सुटे प्रसंग, दोन्हींमागे एकच दृष्टी होती. एकत्र पाहायचेच नाही असे ठरवले की रोग दिसत नाही.

जेवणाची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू. १७ फेब्रुवारी रविवार होता. त्या संध्याकाळी 'तलवार'च्या मेसमध्ये वाढलेल्या डाळ-भाजीवरून कुरबुर झाली. ड्यूटीवरच्या अधिकाऱ्यापर्यंत ती गेली आणि त्याला त्यात काही वावगे दिसले नाही. जहाजावर किंवा बराकीत जेवण हा पगाराचाच भाग असतो, हे बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. गिरणीतला कामगार पगार घेऊन घरी जातो आणि परवडेल ते खातो. खलाशाला ती सोय नाही. त्याच्या ताटात जे पडते तेच त्याचे वेतन. त्याच शहरात, त्याच आरमाराच्या शेजारच्या मेसमध्ये गोऱ्या खलाशाला काय वाढले जाते, हे त्याला रोज दिसत होते. दगड आलेली डाळ म्हणजे कापलेला पगारच होता आणि मुलांनी तो तसाच मोजला.

१९ तारखेला प्रतिनिधींची बैठक होऊन समिती निवडली गेली. संदेशवाहक एम. एस. खान अध्यक्ष, तारायंत्री मदनसिंग उपाध्यक्ष. समितीने स्वतःला नाव दिले ते 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. त्यात शब्द आहे स्ट्राइक, म्हणजे संप. सरकारच्या प्रत्येक कागदात शब्द आहे म्युटिनी, म्हणजे बंड. मराठीत आपण आजही सर्रास 'नाविकांचे बंड' म्हणतो. आदराने म्हणतो, पण शब्द सरकारचाच वापरतो. त्या मुलांनी केले ते काय? त्यांनी प्रतिनिधी निवडले, मागण्या लेखी मांडल्या, अन्न आणि काम नाकारले, शांतता राखण्याच्या सूचना काढल्या, वाटाघाटीला दार उघडे ठेवले. शेजारच्या परळ-लालबागमध्ये गिरणी कामगार वीस वर्षे हेच करत आले होते. तिकडे १९२६ च्या कायद्याने त्याला कामगार संघटना म्हणत. कुलाब्यात त्याची शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकत होती.

आता मागणीपत्र. त्याच्या उपलब्ध पाठांत कलमांचा क्रम आणि शब्द थोडे वेगळे आहेत, पण आशय पक्का आहे. सर्व राजकीय कैद्यांची आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका, आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे, या मागण्या राजकीय. किंगवर कारवाई आणि अधिकाऱ्यांनी खालच्या लोकांशी नीट वागणे, या मानाच्या. उरलेल्या सगळ्या पगाराच्या आणि पोटाच्या: ब्रिटिश आरमाराच्या दराने पगार आणि कुटुंबभत्ता, त्यांच्याइतक्याच कॅन्टीनच्या सवलती, चांगल्या प्रतीचे भारतीय जेवण, वय आणि सेवेच्या क्रमाने लवकर सुटका आणि बाहेर पडल्यावर नोकरी, सुटकेच्या वेळी वाढीव रक्कम. आणि एक कलम असे की, सुटताना किट परत घेऊ नये.

किटचे हे कलम इतिहासकार सहसा ओलांडून जातात. मला ते सगळ्यात बोलके वाटते. युद्ध संपले होते. हजारो मुलांना घरी पाठवायचे होते. सुटणाऱ्या खलाशाकडून सरकारी कपडे मोजून परत घेतले जात. तीन-चार वर्षे गणवेशात काढलेला, गावाकडचे कपडे केव्हाच अपुरे झालेला मुलगा बोरीबंदरला गाडीत बसणार तो कोणत्या कपड्यांत? कापड रेशनवर होते. हे कलम लिहिणाऱ्याच्या मनात साम्राज्याचा अंत असेलच, पण त्याला घरी पोचतानाच्या अंगावरच्या सदऱ्याचीही काळजी होती. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आहेत आणि त्यांना वेगळे करण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'हा केवळ डाळभाताचा प्रश्न होता' म्हणणारे अधिकारी चुकले. 'हा निव्वळ स्वातंत्र्याचा लढा होता' म्हणणारे आपण अर्धेच वाचतो. ब्रिटिश खलाशाइतका पगार मागणे, हीच त्या काळात राजकीय मागणी होती, कारण दोन दरांचे कारण कामात नव्हते, कातडीच्या रंगात होते.

याच्या महिनाभर आधीची एक घटना शेजारी ठेवली म्हणजे हे आणखी उघड होते. जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिघ रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या सैनिकांनी काम बंद केले. तक्रार एकच, युद्ध संपूनही घरी का सोडत नाही? कामबंदी पसरत भारत, सिलोन आणि सिंगापूरपर्यंतच्या अनेक तळांवर गेली. एकही गोळी झाडली गेली नाही. अधिकारी बोलले, लंडनहून खुलासे आले, सुटकेचा वेग वाढला. नंतर मोजक्या लोकांवर खटले झाले. सिंगापूरच्या नॉरिस सिम्बालिस्टला दहा वर्षांची शिक्षा झाली, तीही ब्रिटनमधल्या ओरडीनंतर कमी करावी लागली. 'तलवार'च्या संदेशवाहक मुलांच्या कानावर हे सगळे येत होते. त्यांनी गोऱ्यांचे पाहून तोच मार्ग धरला.

ब्रिटिश आरमाराला तर याचा जुना अनुभव होता. सप्टेंबर १९३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डन बंदरात अटलांटिक ताफ्याच्या खलाशांनी जहाजे हलवायला नकार दिला होता. सरकारने काटकसरीपायी त्यांच्यातल्या अनेकांचा दिवसाचा पगार चार शिलिंगांवरून तीनवर आणला होता, म्हणजे थेट चौथा हिस्सा कापला होता. थोड्याच दिवसांत कपात दहा टक्क्यांवर आली. कुणालाही त्रास दिला जाणार नाही असे सांगितले गेले आणि नंतर सुमारे दोनशे जणांना नोकरीवरून काढले.

मुंबईत मात्र गोळी चालली. २२ तारखेपर्यंत संप ७८ जहाजे, २० किनाऱ्यावरची केंद्रे आणि सुमारे २०,००० खलाशी एवढा पसरला होता. जहाजांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे लागले. २१ ला कॅसल बॅरॅक्समध्ये कोंडलेल्या खलाशांवर गोळीबार झाला आणि त्यांनीही उलट गोळ्या झाडल्या. त्याच दिवशी या आरमाराचा प्रमुख व्हाइस ॲडमिरल गॉडफ्री आकाशवाणीवरून बोलला. त्याचा आशय असा की, सरकारच्या हाती प्रचंड बळ आहे आणि ते वापरताना हे आरमारच नष्ट झाले तरी चालेल. पगार आणि जेवणाबद्दल लेखी मागण्या देणाऱ्यांना मिळालेले हे उत्तर होते. गेटवे ऑफ इंडियापाशी मुंबईकर जेवणाच्या टोपल्या घेऊन आले, त्याही याच सुमारास. दाराशी उभ्या भारतीय शिपायांनी त्यांना अडवले नाही.

२२ तारखेला, शुक्रवारी, शहर बंद पडले. कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली होती. काँग्रेस आणि लीग यांच्या वरिष्ठ नेत्यांचा तिला विरोध होता. तरीही सुमारे तीन लाख कामगार बाहेर पडले. गिरणगावाला खलाशांचा कागद समजावून सांगावा लागला नाही. कामबंदी, मागणीपत्र, समिती, त्यांची रोजची भाषाच ती होती. परळला लष्कराच्या गोळीबारात कमल दोंदे ही कार्यकर्ती ठार झाली. दोन-तीन दिवसांत सरकारी आकड्यांनुसार २२८ नागरिक मेले आणि १,०४६ जखमी झाले. खलाशांच्या जेवणासाठी, पगारासाठी आणि त्यांच्या मानासाठी मुंबईच्या रस्त्यावर सव्वादोनशेवर माणसांनी जीव दिला. दुसऱ्या कोणत्या शहराने सैनिकांच्या मागण्यांसाठी एवढी किंमत मोजल्याचे मला माहीत नाही.

सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीच्या सकाळी संप मागे घेतला गेला. सूडाची कारवाई होणार नाही, यासाठी प्रयत्न करू असे खलाशांना सांगितले गेले होते. पण कारवाई झाली. ४७६ जणांना नोकरीवरून काढले.

फझल अली आयोगाचा अहवाल जानेवारी १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. उठावाचे मूळ कारण त्याने राजकीय चिथावणीत शोधले नाही. बराच काळ साचत गेलेल्या आणि कुणी दूर न केलेल्या तक्रारी, पगार, जेवण, भरतीतली खोटी आश्वासने, वर्णभेद, बेफिकीर अधिकारी, यांतून असंतोष पेटला आणि देशातल्या राजकीय वातावरणाने त्याला वारा घातला, असा त्याचा निष्कर्ष आहे. दोन ब्रिटिश सेनाधिकारी बसलेल्या आयोगाने हे लिहिले, म्हणून त्याला वजन आहे. या आयोगाचे दुसरे एक मोल मला फार वाटते. साध्या खलाशांनी त्याच्यापुढे साक्षी दिल्या आणि त्या लिहून घेतल्या गेल्या. ज्यांना एका कागदावर दोन सह्या करायची मुभा नव्हती, त्यांचे म्हणणे पहिल्यांदाच एका जागी आले. ते आले मात्र माणसे मेल्यानंतर.

यातून नव्या देशाने काय उचलले? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे मसुद्याचे सव्विसावे कलम आले. आज ते राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ म्हणून ओळखले जाते. सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क किती द्यायचे हे संसदेने ठरवावे, अशी त्यात तरतूद आहे. मुंबईचा गोळीबार होऊन तीन वर्षेही झाली नव्हती, तरी त्यावर फारशी चर्चा झाली नाही. १९५० च्या सेना अधिनियमाच्या कलम २१ खालच्या नियमांनी आणि नौदलापुरते १९५७ च्या अधिनियमाच्या कलम १९ ने सैनिकाला कामगार संघटनेत जायला किंवा वर्तमानपत्राशी बोलायला मनाई केली. त्यासाठी परवानगीची अट घातली. तक्रारीसाठी दार ठेवले, पण ते पूर्वीचेच: ज्याचे गाऱ्हाणे त्याने स्वतःपुरते वर कळवावे. आणि बंडाची व्याख्या सुरू होते ती दोन किंवा अधिक व्यक्तींच्या एकत्र येण्यापासून. 'तलवार'चे चौदा अर्ज आज लिहायची वेळ आली तर तेही चौदाच लिहावे लागतील.

माझे स्पष्ट मत असे की, सैनिकाला संपाचा हक्क नसावा. सीमेवर किंवा समुद्रात ज्याच्यावर शेजाऱ्याचा जीव अवलंबून आहे, त्याने काम थांबवू नये. हे बहुतेक सैनिकही मान्य करतील. पण संप नको आणि एकत्र बोलणेही नको, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने त्या एकत्र बांधल्या. शिवीगाळ, रजा, बढती, बदली ही गाऱ्हाणी एकट्याची असू शकतात. पगाराचे तसे नाही. वेतनश्रेणी एकट्याची कधीच नसते. हवालदाराने स्वतःच्या श्रेणीबद्दल अर्ज केला तर तो लाखो जणांच्या वतीने असतो, त्याची इच्छा असो वा नसो. ज्या तक्रारीचे स्वरूपच सामुदायिक आहे, ती वैयक्तिक अर्जावर लिहायला सांगणे म्हणजे ती लिहूच नका असे सांगणे आहे.

पुण्याजवळ खडकीला गेलात तर हा फरक भिंतीच्या दोन बाजूंना दिसतो. तिथल्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगाराची संघटना आहे आणि तिला मोठी परंपरा आहे. एस. एम. जोशींसारख्या नेत्याने संरक्षण कामगारांच्या महासंघाचे नेतृत्व केले. १९६६ साली केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू झाली. वेतन आयोग आला की या यंत्रणेतली कर्मचारी बाजू निवेदन तयार करते, आकडे मांडते, वाद घालते. तोफगोळा बनवणाऱ्याला तिथे खुर्ची आहे. तोच गोळा तोफेत भरणाऱ्याला नाही. २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या कंपन्या करताना सरकारने अत्यावश्यक संरक्षण सेवांचा कायदा आणून कामगारांच्या संपावरही ठरावीक मुदतीसाठी बंदी घातली, म्हणजे भिंतीच्या अलीकडची जमीनही आक्रसू शकते.

१९७३ च्या तिसऱ्या आयोगापासून सैनिकांचा पगार केंद्रीय वेतन आयोगाच्या कक्षेत आला. तेव्हापासून जवानाची बाजू मांडतात ती मुख्यालये, म्हणजे अधिकारी. मनापासून मांडत असतील, तरी ती उसनी जीभ आहे. सहाव्या आयोगाने सैनिकी सेवेच्या खडतरपणाबद्दल वेगळे सैनिक सेवा वेतन सुरू केले: अधिकाऱ्यांना महिना ६,००० रुपये, जवान आणि सुभेदारासारख्या कनिष्ठ अधिकाऱ्यांना, म्हणजे जेसीओंना, २,०००. सातव्या आयोगाने ते अधिकाऱ्यांसाठी १५,५०० केले आणि जवान-जेसीओंसाठी ५,२००. खंदक एकच असतो, थंडी एकच असते. जेसीओंना जादा दर द्यावा, हा सैन्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१८ मध्ये अर्थ मंत्रालयाने फेटाळला. या सगळ्या प्रवासात सुभेदाराला किंवा शिपायाला स्वतःच्या नावाने, आपल्या निवडलेल्या माणसामार्फत बोलायची जागा कुठेच नाही. ती त्याला मिळते गणवेश उतरवल्यावर. २०१५ साली 'वन रँक वन पेन्शन'साठी जंतरमंतरवर महिनोन्‌महिने बसलेले पदकधारी म्हातारे आपण पाहिले. चाळीस वर्षांचे न बोललेले ते त्या मांडवात बोलत होते.

बाहेरच्या देशांत या प्रश्नावर न्यायालयांनी निकाल दिले आहेत. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने सैनिकांच्या संघटनेवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सला तेच सांगितले आणि पुढच्या वर्षी फ्रान्सने कायदा बदलून सैनिकांच्या व्यावसायिक संघटनांना मान्यता दिली. जर्मनीत तर १९५६ पासून, म्हणजे नवे सैन्य उभे राहिल्याबरोबर, सैनिकांची संघटना आहे. यांपैकी कुठेही सैनिकांना संपाचा हक्क मिळालेला नाही आणि कुठेही सैन्य मोडलेले नाही.

जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने बर्फातल्या चौकीवरून मोबाइलवर चित्रफीत काढली. पाण्यासारखी डाळ आणि करपलेली पोळी. देशभर ती पाहिली गेली. एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केले गेले. हे दल लष्करात मोडत नाही, पण अनुच्छेद ३३ त्यालाही लागू आहे. १७ फेब्रुवारी १९४६ च्या रविवारची ती डाळ आणि ही डाळ, यांच्यामध्ये एकाहत्तर वर्षे आहेत.

काढून टाकलेल्या ४७६ पैकी कुणालाही स्वतंत्र भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलाने परत घेतले नाही. दत्त मुंबईत राहिले आणि 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये वार्ताहर झाले. पुढे अनेक वर्षांनी या नाविकांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळाले. २००१ च्या डिसेंबरमध्ये कुलाब्यात त्यांचे स्मारक उभे राहिले. त्यांच्या राजकीय मागण्यांचा देशाने असा मान राखला. पगाराच्या मागणीमागचा प्रश्न, बोलायचे कुणी आणि कसे, तो मात्र तिथेच आहे.

आठवा वेतन आयोग आता नेमला गेला आहे आणि त्याच्या अध्यक्षस्थानी न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई आहेत. कायदा बदलायला वेळ लागेल, पण एक गोष्ट या आयोगाला आजच्या कायद्यातही करता येईल. फझल अली आयोगाने केले तसे जवान, नाविक, हवाई सैनिक आणि जेसीओ यांना, अधिकारी समोर न बसवता, साक्षीला बोलवावे. त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे आणि अहवालासोबत प्रसिद्ध करावे. या वेळी कुणी मरण्याच्या आधी करावे.